चांगदेवची साफसफाई

चांगदेवला स्वतःच्या घरात शिरतानासुद्धा प्रेक्षक लागतो. संध्याकाळी बसमधून उतरून आला की तो फाटकाची कडी वाजवतो, अंगणात कोण आहे ते बघतो, आणि कोणीच नसलं तर पुन्हा वाजवतो. रंगमंचावर असे नट मी पाहिलेत. पण त्यांना निदान दुसऱ्याने लिहिलेलं बोलावं लागतं, आणि चुकलं तर दिग्दर्शक शिव्या घालतो. चांगदेवचं लिहिणारा तोच, बसवणारा तोच आणि पहिल्या रांगेत बसून मान डोलावणाराही तोच.

तो आमचा शेजारी. चौलच्या खाडीकडच्या अंगाला त्याची आणि आमची वाडी लागून आहे, मध्ये शेराच्या झुडपांचं विरळ कुंपण. त्यातून सगळं दिसतं, आणि जे दिसत नाही ते ऐकू येतं.

पोफळींची वाडी, विहीर आणि खाडीच्या बांधाआतलं थोडं भातशेत एवढं त्याला वडिलांकडून आयतं मिळालं. स्वतः मिळवलेलं म्हणजे न्हावा शेव्याच्या बाजूला एका कंटेनर यार्डातलं कारकुनाचं टेबल. कंटेनर आत आला की नोंद करायची, बाहेर गेला की नोंद करायची. कामात कमीपणा काहीच नाही. पण लग्नकार्यात कोणी विचारलं की हा सांगतो, "पोर्टमध्ये आहे," आणि मग असा दूर बघतो, की ऐकणाऱ्याला वाटावं जहाजं याला विचारूनच धक्क्याला लागतात.

दर वर्षी त्याला काहीतरी होतं. एके वर्षी योगासनं झाली. ती चटई आता कोंबड्यांच्या खुराड्यावर आहे आणि कोंबड्या तिचा त्याच्यापेक्षा नियमित उपयोग करतात. नंतर मधमाश्या झाल्या. दोन पेट्या आणल्या, तोंडाला जाळी बांधून फोटो काढला, तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. पेट्यांकडे पुन्हा कोणी फिरकलं नाही, तेव्हा मधमाश्या निघून गेल्या. शहाण्या होत्या. चांगदेवच्या कुठल्याही आवडीचं आयुष्य फोटो निघेपर्यंतच असतं. त्यानंतर तिचं ओझं बायको रचना उचलते किंवा ते उन्हापावसात पडून राहतं.

त्या वर्षी हस्ताचा पाऊस सरला, ऑक्टोबरचं ते चिकट ऊन सुरू झालं आणि चांगदेवला पर्यावरण झालं.

झालं ते कंपनीतून. तिथे कामगारांच्या कल्याणाचं खातं सांभाळणाऱ्या केसर मॅडम होत्या. त्यांनी स्पर्धा काढली, 'हरित कुटुंब'. घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंत घरातल्या सगळ्यांनी, मुलांसकट, पर्यावरणाच्या सवयी लावून घ्यायच्या, रोज फोटो टाकायचा, आणि शेवटी मॅडम निवडक घरांना भेट देणार. जिंकणाऱ्या कुटुंबाचा फोटो पुढच्या वर्षीच्या कंपनीच्या कॅलेंडरवर, ऑक्टोबरच्या पानावर. बढती नाही, बक्षीस नाही. कॅलेंडर. याच्यासाठी एखादा माणूस काय काय करू शकतो हे मी स्वतः पाहिलं नसतं तर नाटकात लिहिलंही नसतं, कारण कोणी विश्वास ठेवला नसता.

घट बसले त्याच सकाळी त्याने घरच्यांना ओटीवर ओळीने उभं केलं. रचना, आठवीतला ओंकार, चौथीतली मृणाल. स्वतः पायरी खाली उतरून उभा राहिला, म्हणजे भाषण रस्त्यापर्यंत जावं. आजपासून या घरात सिस्टम येणार, असं तो म्हणाला. कापडी पिशवी, दिवे वेळेवर बंद, वाडीतला पातेरा, म्हणजे वाळका पाला, जाळायचा नाही, आंघोळीला एकच बादली.

रचना म्हणाली, "एकच तर आहे. दुसरी मे महिन्यात फुटली, तेव्हापासून तुम्हाला सांगतेय."

"तेच म्हणतोय मी. आपण आधीपासूनच पुढे आहोत."

मग चार दिवसांनी कुरियर आलं. पोफळीच्या विरीच्या ताटल्या. विरी म्हणजे झावळीच्या बुडाशी असतं ते जाड, गुळगुळीत सालपट. आमच्याकडे ती रोज धपकन खाली पडते, लहान पोरं तिच्यावर बसून एकमेकांना ओढतात, आणि उरलेली बंबात जाते. चांगदेवच्या स्वतःच्या वाडीत तेव्हा विरींचा खच होता. त्या खचातून वाट काढत कुरियरवाला आला आणि त्याने खोकं दिलं. आत ताटल्या, प्रत्येक ताटली प्लास्टिकमध्ये, सगळ्यांना मिळून फुगे असलेलं प्लास्टिक, वर चिकटपट्टी.

"बाबा," ओंकार म्हणाला, "ही आपलीच विरी आहे ना?"

"ही प्रोसेस केलेली आहे."

"मग आपल्या विरीचं काय करायचं?"

"जाळ. मागच्या बाजूला. पुढे जाळलीस तर फोटोत धूर येतो."

सायकलचंही तसंच. बसच्या थांब्यापर्यंत तो सायकलने जाऊ लागला, म्हणजे कुंपणाच्या टोकापर्यंत. सायकल ओंकारची होती, गुडघे हनुवटीला लागत. टोकाला ओंकार मोटरसायकल घेऊन उभा असे. फोटो निघाला की वाहनांची अदलाबदल होई. एकदा मलाही बोलावून घेतलं. तू नाटकातली, तर मुलांचे चेहरे जरा आनंदी कर, असा आग्रह होता. मी म्हटलं, चेहऱ्यांना काही झालेलं नाही, हसायला कारण दिलंत तर ती हसतील. तो हसला, आणि मुलांना म्हणाला, दात दाखवा.

आता एक गोष्ट त्याच्या लक्षात आली नाही, आणि यायचं काही कारणही नव्हतं. मुलांनी ते सगळं खरं धरलं होतं.

मृणाल ही अशी मुलगी आहे, की तिला एखादी गोष्ट सांगितली तर ती ती करते. घरातली दुधाची पिशवी तिने धुतली आणि कपड्यांच्या दोरीवर वाळत घातली. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मागायला आली. मग पलीकडच्या घरी. पिशव्या, तेलाचे पुडे, बाटल्या, शाम्पूच्या पुड्या. ओंकार आधी तिची टिंगल करत होता, पण हे ओझं ती एकटी ओढते म्हटल्यावर हातगाडी घेऊन मागून हिंडू लागला. रेवदंड्याचा मुझम्मिल भंगार घ्यायला येतो, त्याला तिने रस्त्यात अडवून विचारलं. तो म्हणाला, स्वच्छ आणि कोरडं देत असशील तर सगळं नेतो बेटा, दिवाळीच्या गर्दीत नाही, पाडवा झाला की टेम्पो आणतो. तेवढ्या शब्दावर तिने महिना काढला. गोण्या भरत गेल्या. रचनाने दाभण आणि निळी सुतळी काढून दिली आणि गोणीचं तोंड कसं शिवायचं ते शिकवलं. मृणालचा टाका लांब-आखूड पडे, पण सुटत नसे. संध्याकाळी तिघं मिळून पातेरा गोळा करून झाडांच्या आळ्यांत भरत. दिवाळीनंतर वाडीचं शिंपणं सुरू होतं. आळ्यात पातेरा असला की पाणी टिकतं. मागच्या अंगाला विरी जाळणंही ओंकारने बंद केलं, आणि बापाला सांगितलं नाही.

रचना मला म्हणाली, "या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा घरात चांगली गोष्ट आणली, आणि त्यालाच माहीत नाही."

चांगदेवने गोण्यांचा एक फोटो काढलाही होता, मृणालला मध्ये उभं करून. त्याला त्यात स्वतः कुठे उभं राहावं ते सुचलं नाही, म्हणून तो टाकला नाही.

इथे रावजींबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्या भातावर आलं. रावजी चांगदेवचे चुलते, मनुबाई त्यांची बायको. पोरंबाळं नाहीत. खाडीच्या बांधाआत दोन्ही घरांचं मिळून शेत आहे आणि ते सगळं हे म्हातारा-म्हातारी कसतात. निम्मं भात न बोलता चांगदेवच्या घरी पोचतं. चांगदेव त्या बांधावर शेवटचा कधी गेला होता हे त्यालाही सांगता यायचं नाही. खाणं आणि शेत यांचा काही संबंध असतो, हे तो दुकानातून आणून खाणाऱ्या माणसासारखा विसरला होता.

त्या बांधात एक उघाडी आहे. उघाडी म्हणजे बांधाच्या पोटातलं लाकडी दार, वरून टांगलेलं. ओहोटीला शेतातलं आणि नाल्यातलं गोडं पाणी ते बाहेर ढकलून खाडीत जातं. भरतीला खाडीचं पाणी बाहेरून त्याला रेटतं आणि ते आपोआप लागतं. वीज नको, माणूस नको. फक्त त्याच्या तोंडात काही अडकता कामा नये. अडकलं तर खारं आत येतं, आणि खारं आत आलं की शेतातलं भात गेलंच.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा रावजींनी भात कापलं होतं. कापलेल्या भाताची कडपं, म्हणजे मूठमूठ पेंढ्या, शेतातच पसरली होती, दोन उन्हं खायला. नरक चतुर्दशीच्या दुपारी भारे बांधून आणायचे, असं ठरलं होतं. त्याआधी अमावस्येच्या तोंडावरचं उधाण येणार हे त्यांना ठाऊक होतं. उघाडी पाहून, पुसून, दाराला तेल लावून आले होते.

आणि केसर मॅडमचा निरोपही त्याच दिवसाचा आला. सुट्टीला आपल्या नागावच्या बंगल्यावर चालल्या होत्या. चतुर्दशीला सकाळी वाट वाकडी करून फराळाला येणार होत्या. भेटीचा विषय, 'प्लास्टिकमुक्त घर'.

आदल्या संध्याकाळी चांगदेव घराभोवती फेरी मारत होता, पडदा उघडण्याआधी व्यवस्थापक मारतो तशी. विहिरीमागे आला आणि थांबला. गोण्यांची भिंत होती ती.

"हे एवढं काय साठलंय?"

मृणालने सांगितलं. सगळ्या आळीतलं आहे, धुतलेलं आहे, मुझम्मिलचाचा पाडव्यानंतर नेणार आहेत.

"मॅडमना काय दिसणार? प्लास्टिकमुक्त घर, आणि मागे हा डोंगर."

"मी सांगीन ना त्यांना, हे आपलं नाहीये म्हणून."

"सांगायची वेळ येता कामा नये. फोटो बोलला पाहिजे."

रचना म्हणाली, "वर ताडपत्री टाका."

"ताडपत्री प्लास्टिकची असते, रचना," चांगदेव म्हणाला. एवढं गांभीर्य त्याच्या आवाजात मी आधी ऐकलं नव्हतं. रावजींच्या गोठ्यात ठेवू या, असं ओंकारने सुचवलं. ते त्याला नको होतं. काकांपुढे हात पसरायचे नाहीत असा त्याचा बाणा आहे, भात घेताना तो आड येत नाही. मृणाल त्याचा हात धरून उभी होती. "बाबा, चाचा येईपर्यंत राहू दे. शपथ घ्या." त्याने शपथ घेतली. तिच्या गळ्याला हात लावून घेतली.

पहाटे मुलं न्हाणीघरात होती. रचना त्यांना उटणं लावत होती. चांगदेवने तेवढ्यात गोण्या हातगाडीवर घातल्या आणि वाडीमागच्या नाल्यात सोडल्या.

आता याला मूर्खपणा म्हणायचं तर तो आमच्याकडचाच मूर्खपणा आहे. इथल्या प्रत्येक पोराला लहानपणी दिसतं की ओहोटीला नाल्यात सोडलेली करवंटी पळत पळत खाडीत जाते. निर्माल्य तसंच जातं, फुटकी मडकी तशीच जातात. ओहोटीला सोडलं की गेलं. चांगदेवला पाण्याकडे बघून ओहोटी ओळखता येत होती, आणि तेवढ्या विद्येवर तो खूश होता. वाटेत बांध आहे, बांधात दार आहे, आणि करवंटी जाते तिथून गोणी जात नाही, हे कळायला बांधावर पाय ठेवलेला असावा लागतो. सुटं प्लास्टिक असतं तर पुष्कळसं निघूनही गेलं असतं. पण मृणालचे टाके पक्के होते.

न्हाऊन ओंकार कारीट फोडायला अंगणात आला. बाप मागून येत होता, पायजमा गुडघ्यापर्यंत ओला. कुठे गेला होता, विचारलं तर म्हणाला, साफसफाई.

दहाच्या सुमारास मॅडम आल्या. ऐसपैस गाडी, उंच चपला, कपाळावर गॉगल. चांगदेवने कडी वाजवून त्यांना आत आणलं. फराळ विकतच्या विरीवर मांडला होता. मॅडमनी ताटलीचा वास घेतला आणि म्हणाल्या, एकदम नॅचरल. आपल्याच वाडीतलं मटेरिअल आहे, असं चांगदेव म्हणाला. ओंकार चकली खात होता. त्याने खाणं थांबवलं, बापाकडे पाहिलं आणि पुन्हा खाऊ लागला.

मग मॅडमनी मृणालला जवळ घेतलं. "बेटा, तुला सगळ्यात आवडलेली सवय कोणती?"

"गोण्या," मृणाल म्हणाली. "या, दाखवते."

तिने त्यांना हात धरून विहिरीमागे नेलं; मागून चांगदेव, आणि ताटली हातात घेऊन ओंकार. मी कुंपणाशी दिवाळीच्या पणत्या धूत होते, मला तिची पाठ दिसत होती. शेणाने सारवलेली जमीन. त्यावर काढलेली रांगोळी. ती वळली.

"बाबा, गोण्या?"

"दिल्या."

"कोणाला?"

"मुझम्मिलला. पहाटे येऊन गेला."

"चाचा पाडव्यानंतर येणार होते."

"आला होता म्हटलं ना. लवकर आला."

ओंकारने ताटली खाली ठेवली. "खाडीतून आले होते का?" त्याने विचारलं. "तुमचा पायजमा ओला होता म्हणून विचारलं."

चांगदेव मॅडमकडे बघून हसला. मुलं विनोदी आहेत, असं काहीसं म्हणाला, आणि त्यांना मधमाश्यांच्या पेट्या दाखवायला निघाला.

त्यानंतर थोड्याच वेळाने मनुबाई आल्या. फाटकातून नाही, कुंपणातून; शेर मोडत, चीक हातावर घेत. त्यांचं लुगडं कमरेपर्यंत ओलं होतं. चांगदेवकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"रचना, चल. खारं आलंय आत. उघाडी लागत न्हाय. समदी कडपं खालीच हाईत."

नव्या साडीचा कासोटा मारत रचना धावली. तिच्यामागे मुलं. पणत्या तशाच टाकून मी. बांधावर पोचलो तेव्हा भर भरती होती आणि दाराच्या बाजूने खाडी शेतात घुसत होती, पिवळट, फेसाळ, काहीच घाई नसल्यासारखी. रावजी छातीइतक्या पाण्यात उतरून बांबूने दाराच्या तोंडाशी ढोसत होते. शेताच्या खालच्या अंगाची कडपं तरंगायला लागली होती.

बांबूला एक गोणी लागली. रावजींनी ती ओढून काढली, बांधावर फेकली. मग दुसरी. ओंकार कपड्यांसकट उतरला आणि तिसरी त्याने काढली. मृणाल पहिल्या गोणीपाशी बसली. तोंडावर निळी सुतळी होती, लांब-आखूड टाक्यांची.

"कुनी टाकली रं ही घाण?" रावजींनी पाण्यातून विचारलं.

चांगदेव तेवढ्यात पोचला होता, मॅडमना हात देत, बांधाच्या कोरड्या कडेने. निघता निघता त्याने सदरा बदलला होता. लोकांना सवयच नाही मॅडम, असं तो म्हणत होता, आणि म्हणूनच आपल्यासारख्यांनी पुढे यायला पाहिजे.

"आबा," मृणाल रावजींना म्हणाली, "या आमच्या आहेत. टाके माझे आहेत."

ती बापाकडे बघत होती, रागाने नाही, नुसती. त्याला त्या क्षणी खरं बोलायची एवढी सोपी जागा मिळाली होती, की मला वाटलं, आता बोलेल. एवढं तरी.

"मुझम्मिलने टाकल्या असणार," चांगदेव म्हणाला. "अशा लोकांवर भरवसा ठेवू नये म्हणून मी सांगत होतो."

रावजींनी शेवटची गोणी काढली. दार खडखडत आपल्या जागेवर गेलं, लागलं, आणि पाणी आत यायचं थांबलं.

"मुझम्मिल हे इकत घेतो," रावजी म्हणाले. "टाकायला न्हाय घेत." एवढंच. मग ते वर आले आणि भिजलेली कडपं उचलायला लागले. मनुबाई आधीच वाकल्या होत्या. रचना, मुलं, मी, सगळे वाकलो. कोरड्या अंगाची कडपं आधी उचलायची, आत आलेलं पाणी तिथवर पसरायच्या आत, मग ओली. भारे बांधून डोक्यावरून खळ्यापर्यंत न्यायचे. मृणालच्या डोक्यावरच्या भाऱ्यातून पाणी तिच्या नव्या फ्रॉकवर गळत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

चांगदेवने फोन काढला.

"फोटो मागनं काढ," रावजी म्हणाले. "आधी भारा उचल."

मॅडमसमोर म्हटल्यामुळे त्याला तो उचलावा लागला. फोन त्याने ओंकारकडे दिला, पाण्यात पोटरीपर्यंत उतरला, एक भारा डोक्यावर घेतला आणि उभा राहिला. चालला नाही. उभा राहिला. ओंकारने फोन नुसता हातात धरला होता.

"काढ ना."

"बॅटरी गेली," ओंकार म्हणाला. तेवढ्यात फोन वाजला. कोणीतरी शुभ दीपावली म्हणायला केला असणार. ओंकारने तो तसाच वाजता खिशात टाकला आणि वाकून पुढचं कडप उचललं.

फोटो शेवटी केसर मॅडमनी स्वतःच्या फोनने काढला. त्या काही भोळ्या नव्हत्या. त्यांना बांधावर उभ्या उभ्या सगळं समजलं होतं, आणि त्यांनी चांगदेवच्या पायजम्यावरचा सुकलेला चिखलही पाहिला होता. पण पाणी, आकाश, भात, मागे वाटेतल्या गोण्या बाजूला ओढणारी मुलं, सगळं चौकटीत बसत होतं. "हे खूप रिअल आहे," त्या म्हणाल्या. फोटो निघाल्यावर चांगदेवने भारा होता तिथेच, पाण्यात, खाली ठेवला. तो मी उचलला, म्हणून सांगते: हलका होता. त्याने सगळ्यात लहान निवडला होता.

वरच्या अंगाचं भात वाचलं. खालचं खाऱ्यात भिजलं, काळं पडलं. झोडणी झाल्यावर मनुबाईंनी वाटणी नेहमीसारखीच केली, निम्मं-निम्मं. फक्त या वेळी कुठलं निम्मं कुणाचं ते त्यांनी ठरवलं. रावजी काहीतरी बोलायला गेले, तर त्या म्हणाल्या, तुमी गप ऱ्हावा. रचनाने ते काळं भात उतरवून घेतलं आणि दुसरे तांदूळ आणायला नकार दिला. वर्षभर त्या घरात भात शिजला की आमच्याकडे वास येई. पहिल्या घासाला चांगदेव म्हणाला, कसला हा भात, खारट लागतो. रचना म्हणाली, "मीठ वाचतं. पर्यावरण."

चांगदेव स्पर्धा जिंकला. जिंकणारच होता. कॅलेंडर आलं ते त्याने जानेवारीतच भिंतीवर ऑक्टोबरचं पान वर करून लावलं, आणि नऊ महिने त्या घरात ऑक्टोबरच होता. रचनाला वाणसामानाचा हिशेब, गॅसची तारीख, मुलांच्या परीक्षा, सगळं आमच्या भिंतीवर येऊन बघावं लागे. फोटोत चांगदेव खाडीच्या पाण्यात उभा आहे, डोक्यावर भारा, चेहऱ्यावर जगाची काळजी. खाली छापलंय, 'कुटुंबासह खाडीची स्वच्छता'. मागे एक मुलगी गोणी ओढते आहे, तिचा चेहरा दिसत नाही. आलेल्या प्रत्येकाला तो पानाखाली उभा करतो आणि स्वतः बाजूला तसाच उभा राहतो, म्हणजे साम्य कळावं.

मुझम्मिलला त्या दिवशी आपल्याबद्दल काय बोललं गेलं ते मोठ्यांपैकी कोणी सांगितलं नाही. मृणालने सांगितलं. पाडव्यानंतर तो टेम्पो घेऊन आला, भिजलेल्या गोण्या बांधावरून घेतल्या, आणि चांगदेवच्या घरी पाणी न पिता गेला.

आता पुन्हा तेच ऊन पडलंय. आज सकाळी मृणाल आमच्याकडे पिशव्या न्यायला आली. यंदा ती पाचवीत आहे, टाका तिचा सरळ पडतो. हातगाडी ओंकारच्या हातात होती. गोण्या घेऊन ती दोघं स्वतःच्या फाटकावरून पुढे गेली आणि रावजींच्या गोठ्याकडे वळली. ओटीवर चांगदेव कोणा पाहुण्याला कॅलेंडर दाखवत होता. मी मृणालला विचारलं, एवढ्या लांब कशाला ओढत नेतेस, विहिरीमागे जागा आहे की तुमच्या.

"आमच्याकडे नको," ती म्हणाली. "बाबा साफसफाई करतात."